प्रोफेसर मार्श यांचे सहाय्यक

शास्त्रांचा इतिहास उघडला म्हणजे प्रत्येक शोधापुढें बहुधा एकच नांव लिहिलेलें आढळतें. शाळेंतील मुलाला तेवढें पुरतें. शोध कोणता, शोधक कोण आणि साल कोणतें, हें पाठ झालें कीं त्याचें काम भागतें. परंतु ज्या घरांत तो शोध लागला त्या घरांत आणखी किती माणसें राबत होतीं, त्यांपैकीं कोणाच्या हातून कोणतें काम झालें, आणि त्या घराबाहेर पडल्यावर त्या माणसांचें पुढें काय झालें, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अश्मीभूत अस्थींची एक मोठी प्रयोगशाळा होती. तिच्या प्रमुखाचें नांव जगभर झालें. त्या प्रमुखाच्या हाताखालीं ज्यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्या सहाय्यकांची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रमुखांचें नांव ओथनिएल चार्ल्स मार्श. त्यांचा जन्म १८३१ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट या गांवीं झाला. वडिलांची परिस्थिति बेताचीच होती. आईचें छत्रही लहानपणींच हरपलें. परंतु त्यांचे मामा जॉर्ज पीबॉडी हे लंडनमध्यें पेढी चालवून कोट्यधीश झालेले गृहस्थ होते. मामांच्या पैशावर भाच्याचें शिक्षण झालें. १८६० सालीं येलची पदवी घेऊन मार्श पुढील अभ्यासासाठीं जर्मनींत गेले. १८६६ सालीं पीबॉडी यांनीं येल विद्यापीठास पदार्थसंग्रहालयासाठीं दीड लाख डॉलर दिले, आणि त्याच वर्षीं मार्श यांची तेथें प्राचीन प्राण्यांच्या शास्त्राचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. अमेरिकेंत या विषयाचें हें पहिलेंच अध्यापकपद होय. मामांचा वारसा हातीं असल्यामुळें कित्येक वर्षें त्यांनीं विद्यापीठाकडून पगार घेतला नाहीं. म्हणून विद्यापीठानेंही त्यांच्या कारभारांत फारसा हात घातला नाहीं.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. हें साल १८६९. मधल्या ओसाड पठारांवर जेथें जेथें खडक उघडे पडले होते, तेथें तेथें लक्षावधि वर्षांपूर्वींच्या प्राण्यांचीं हाडें दगडासारखीं कठीण होऊन पडलेलीं होतीं. १८७० सालीं मार्श यांनीं येलमधील बारा विद्यार्थी बरोबर घेतले, लष्कराचें संरक्षण मिळविलें आणि त्या प्रदेशांत पहिली मोठी मोहीम काढली. पुढें अशा आणखी मोहिमा झाल्या. कांहीं वर्षांनीं त्यांनीं स्वतः जाणें कमी केलें व पगारी माणसें ठेवून हाडें गोळा करविण्यास आरंभ केला. कॅन्सस, कोलोरॅडो, वायोमिंग या भागांतून पेट्यांमागून पेट्या न्यू हेवन शहरीं येऊं लागल्या. १८७६ सालीं पीबॉडी संग्रहालयाची इमारत उघडली, आणि तिच्या खोल्या या पेट्यांनीं भरून गेल्या.

या पेट्या फोडल्यावर पुढें काय करावें लागे, हें समजून घेतल्याखेरीज ही हकीकत नीट कळणार नाहीं. हाड खडकांत घट्ट रुतलेलें असतें. लहान छिन्नीनें व सुईनें भोंवतालचा दगड कण कण करून काढावा लागतो. हात चुकला तर हाडच फुटतें. नंतर तुकडे जुळवावयाचे, सांधावयाचे, त्यांचीं मापें घ्यावयाचीं, चित्रें काढवून घ्यावयाचीं. मग तें हाड मगर, कासव, पक्षी, घोडा अशा हयात प्राण्यांच्या हाडांशीं ताडून पाहावयाचें, आणि शेवटीं त्याचें वर्णन शब्दांत लिहावयाचें. एकेका प्राण्यामागें महिने जात. हें काम एका माणसाचें नव्हतें. मार्श यांच्याकडे तें काम सहाय्यक करीत, आणि वर्णन छापून निघे तें मार्श यांच्या नांवानें.

कामाचें महत्त्व मात्र खरोखरच मोठें होतें. कॅन्ससच्या खडूच्या थरांतून दांत असलेले पक्षी निघाले. चोंचींत दांत असलेला पक्षी म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांना पक्ष्यांशीं जोडणारा दुवा. घोड्याच्या वंशाचे अवशेष तर त्यांनीं असे ओळीनें मांडून दाखविले कीं पायाच्या अनेक बोटांपासून एका खुरापर्यंतचा प्रवास डोळ्यांना दिसावा. १८७६ सालीं इंग्लंडचे हक्स्ले न्यू हेवनला आले व हा संग्रह पाहून त्यांनीं घोड्याच्या पूर्वजांसंबंधींचीं आपलीं जुनीं मतें बदललीं. १८८० सालीं दांतांच्या पक्ष्यांवरील मार्श यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां खुद्द डार्विन यांनीं त्यांस पत्र लिहून, आपल्या सिद्धान्ताला गेल्या वीस वर्षांत मिळालेला हा सर्वांत चांगला आधार आहे, अशा अर्थाचें मत कळविलें. डायनोसॉर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अजस्र प्राण्यांपैकीं स्टेगोसॉरस, अॅलोसॉरस, अॅपॅटोसॉरस, ब्रॉन्टोसॉरस, डिप्लोडोकस, ट्रायसेराटॉप्स हीं आज लहान मुलांच्याही तोंडीं असलेलीं नांवें मार्श यांनींच ठेविलेलीं आहेत.

या यशाला एक कडू बाजू होती. फिलाडेल्फिया येथील एडवर्ड ड्रिंकर कोप हेही याच शास्त्रांत अग्रगण्य होते. प्रथम मित्र असलेले हे दोघे पुढें हाडवैरी बनले. नव्या प्राण्याचें नांव आधीं कोण छापतो याची दोघांत चुरस लागली. घाईघाईनें टिपणें छापून घ्यावयाचीं, आपल्या खाणींचा ठावठिकाणा लपवावयाचा, दुसऱ्याचीं माणसें फोडावयाचीं, अशा गोष्टी दोन्हीं बाजूंनीं झाल्या. ज्या घरांत बाहेरच्या वैऱ्याची अशी धास्ती असते, त्या घरांतील माणसांवरही धन्याची नजर कडक राहते. मार्श यांच्या सहाय्यकांना पृष्ठवंशी प्राण्यांवर स्वतःच्या नांवानें कांहीं छापण्याची मोकळीक नव्हती. प्रयोगशाळेंत जें जें दिसेल व सुचेल तें प्रमुखाच्या मालकीचें, असा एकंदर दंडक होता. पगार थोडा असे आणि पुष्कळदां वेळेवर मिळत नसे.

या सहाय्यकांत सर्वांत जुने ऑस्कर हार्गर. यांचा जन्म १८४३ सालचा. १८६८ सालीं ते येलचे पदवीधर झाले व १८७० पासून मार्श यांच्याकडे राहिले. गणितांत गति, स्वभाव अबोल, आणि हृदयाचा जुना विकार. हा विकार असल्यामुळें धांवपळीचें काम त्यांना करतां येत नसे. म्हणून ते संग्रहालयांतच बसून हाडांचा अभ्यास करीत. मार्श यांच्या मोठ्या ग्रंथांतील पुष्कळसा मजकूर हार्गर यांच्या अभ्यासावर उभा आहे, असें त्यांचे सोबती पुढें उघडपणें म्हणाले. स्वतःच्या नांवानें लिहावें अशी हौस हार्गर यांनाही होती. ती त्यांनीं समुद्रांतील लहान कवचधारी जीवांवर लिहून भागविली, कारण त्या जीवांना पाठीचा कणा नसल्यामुळें तेथें मनाई लागू नव्हती. १८८७ सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्याच नोकरींत असतां त्यांचें निधन झालें. त्यांची पुढील कारकीर्द म्हणून सांगण्यासारखें कांहीं नाहीं, कारण त्यांना पुढील आयुष्यच लाभलें नाहीं.

सॅम्युएल वेंडेल विलिस्टन यांची कथा याहून वेगळी आहे. यांच्या लहानपणींच आईबाप बोस्टनजवळचें घर सोडून कॅन्ससच्या नव्या वसाहतींत गेले. तेथील शेतकी कॉलेजांत बेंजामिन मज या शिक्षकांमुळें त्यांना भूगर्भशास्त्राची गोडी लागली. १८७४ पासून ते मज यांच्याबरोबर मार्श यांच्यासाठीं हाडें गोळा करूं लागले. १८७७ सालीं वायोमिंगमधील कोमो ब्लफ या टेकाडावर प्रचंड हाडें दिसत असल्याचें रेल्वेच्या दोन नोकरांनीं टोपणनांवें घेऊन मार्श यांस कळविलें, तेव्हां तपासासाठीं धाडले गेले ते विलिस्टनच. ज्या हाडांना मार्श यांनीं पुढें डिप्लोडोकस हें नांव दिलें, तीं कोलोरॅडोमधील हाडें काढण्यांतही विलिस्टन यांचा हात होता.

न्यू हेवनमध्यें राहून त्यांनीं वैद्यकाची पदवी १८८० सालीं व डॉक्टरेट १८८५ सालीं मिळविली. हाडांवर लिहिण्यास मनाई. म्हणून त्यांनीं माश्यांचा अभ्यास सुरू केला. फावल्या वेळांतल्या या उद्योगांतून द्विपंखी कीटकांवरील असा ग्रंथ तयार झाला कीं अमेरिकेंत त्या विषयाचे ते पहिल्या प्रतीचे जाणकार गणले गेले. १८७९ सालीं त्यांनीं कॅन्ससच्या एका मासिकांत एक लहानसा लेख लिहिला होता. पक्षी हे डायनोसॉरांपासून निघाले असावेत, आणि जमिनीवर धांवतां धांवतां उडण्याची शक्ति आली असावी, अशी कल्पना त्यांत मांडलेली होती. त्या काळीं तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पक्ष्यांच्या उगमाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, तेव्हां या विस्मृत लेखाची आठवण शास्त्रज्ञांना झाली.

१८८५ सालीं विलिस्टन यांनीं मार्श यांची नोकरी सोडली. कांहीं वर्षें त्यांनीं येलमध्येंच शारीरशास्त्र शिकविलें, आणि १८९० सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचे अध्यापक म्हणून परत गेले.

एर्विन बार्बर हे १८८२ सालीं पदवी घेतांच मार्श यांच्या नोकरींत शिरले व सहा वर्षें राहिले. मूळ हाड कोणतें आणि प्लास्टरनें भरून काढलेला भाग कोणता हें ओळखूं येऊं नये, अशा रीतीनें तेथें हाडें जुळविलीं जातात, असा त्यांचा आक्षेप होता. बाहेर पडल्यावर १८९० सालीं त्यांनीं या प्रयोगशाळेच्या कारभारावर एक लेखच प्रसिद्ध केला. गेऑर्ग बाउर हे बोहेमियांत जन्मलेले व म्युनिकला शिकलेले जर्मन विद्वान १८८४ सालीं येलला आले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अस्थिरचनेचें त्यांचें ज्ञान मोठें होतें. परंतु अडचणीच्या प्रसंगीं त्यांनीं मार्श यांच्याकडून कर्ज घेतलें, आणि कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडणें कठीण होऊन बसलें. ज्याच्या हाताखालीं काम करावयाचें त्याचाच ऋणकोही व्हावें लागलें, म्हणजे विद्वानाची मान कशी खालीं जाते, याचें हें उदाहरण आहे.

१८८२ सालीं मार्श यांना सरकारच्या भूगर्भ-पाहणी खात्यांत पृष्ठवंशी अवशेषांचे प्रमुख नेमण्यांत आलें. त्यामुळें पुष्कळ सहाय्यकांचे पगार सरकारी तिजोरींतून येऊं लागले. येथेंच वादाला नवें तोंड फुटलें. पूर्वीं मामांच्या पैशावर चालणाऱ्या घरांत काय चालतें याच्याशीं लोकांना कर्तव्य नव्हतें. आतां सरकारी पैशावर झालेलें काम एका माणसाच्या मालकीचें कसें, असा प्रश्न विचारतां येऊं लागला.

१२ जानेवारी १८९० रोजीं न्यूयॉर्क हेरल्ड या पत्रांत हा सारा वाद चव्हाट्यावर आला. कोप यांनीं कित्येक वर्षें जपून ठेवलेला दारूगोळा एकदम पेटविला. मार्श यांचे ग्रंथ दुसऱ्यांनीं लिहिलेले आहेत, असा आरोप छापला गेला, आणि पुराव्यादाखल सहाय्यकांचीं मतें पुढें करण्यांत आलीं. त्यांत विलिस्टन यांनीं पूर्वीं खासगी रीतीनें लिहिलेल्या पत्राचाही समावेश होता. आठवड्याभरांत मार्श यांनीं लांबलचक उत्तर दिलें आणि कोप यांच्या चुका त्यांनींही तितक्याच निर्दयपणें वेशीवर टांगल्या. वाचकांची करमणूक झाली. शास्त्राची लाज गेली. आणि ज्यांच्या नांवानें हें युद्ध चाललें होतें, त्या सहाय्यकांच्या पदरांत दोन्हीं पक्षांकडून कांहींच पडलें नाहीं.

एवढ्यावरून मार्श यांस केवळ स्वार्थी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्या आयुष्यांतील दुसरा एक प्रसंग येथें आठवला पाहिजे. १८७४ सालीं सू जमातीच्या मुलखांत हाडें शोधण्यास ते गेले असतां, त्या जमातीचे नायक रेड क्लाउड म्हणजे लाल मेघ यांनीं सरकारी अधिकाऱ्यांकडून आपल्या लोकांस मिळणारें निकस धान्य व मांस त्यांना दाखविलें. हें गाऱ्हाणें वॉशिंग्टनला पोंचवीन, असें वचन मार्श यांनीं दिलें, आणि दिलेलें वचन पाळलें. १८७५ सालीं त्यांनीं अध्यक्ष ग्रँट यांची भेट घेतली, खात्यावर जाहीर आरोप केले, पत्रक छापलें. प्रकरण इतकें गाजलें कीं त्याच वर्षीं त्या खात्याच्या मंत्र्यांस जागा सोडावी लागली. रेड क्लाउड पुढें १८८३ सालीं न्यू हेवनला मार्श यांच्या घरीं पाहुणे म्हणून आले. दूर पठारावरील परक्या लोकांचें गाऱ्हाणें ज्यांना इतकें स्पष्ट ऐकूं आलें, त्यांना स्वतःच्या प्रयोगशाळेंतील माणसांचें गाऱ्हाणें ऐकूं आलें नाहीं. मनुष्यस्वभावांत अशा विसंगति आढळतात, आणि इतिहासकारानें दोन्हीं बाजू नोंदविल्या पाहिजेत.

सर्वच सहाय्यक विरुद्ध गेले असेंही नाहीं. जॉन बेल हॅचर यांचा जन्म १८६१ सालीं इलिनॉय संस्थानांत झाला. कॉलेजच्या खर्चासाठीं त्यांनीं कोळशाच्या खाणींत मजुरी केली. तेथेंच दगडांत उमटलेले जीव त्यांनीं प्रथम पाहिले. १८८४ सालीं येलची पदवी मिळतांच मार्श यांनीं त्यांस कॅन्ससला पाठविलें. हाडें काढतांना जमिनीवर चौकोन आंखून प्रत्येक हाड कोणत्या चौकोनांत मिळालें याची नोंद ठेवण्याची शिस्त या तरुणानें तेथें घातली. १८८९ सालापासून तीन चार वर्षें वायोमिंगच्या पूर्व भागांत त्यांनीं जें काम केलें त्याला तोड नाहीं. एका गुराख्याला ओढ्याच्या कडेंत शिंगें असलेली प्रचंड कवटी दिसली होती. त्या सुतावरून हॅचर यांनीं ट्रायसेराटॉप्स व त्याच्या जातभाईंच्या तीसहून अधिक कवट्या बाहेर काढल्या. त्यांतील मोठ्या कवट्यांची एकेक पेटी टनांच्या हिशेबानें भरे. ती रस्ता नसलेल्या मुलखांतून घोड्यांच्या गाड्यांवर घालून रेल्वेपर्यंत आणावी लागे.

त्याच मुलखांत उंदराएवढ्या प्राचीन सस्तन प्राण्यांचे दांत हवे होते. मोहरीसारखे ते दांत शोधावे कसे? हॅचर यांच्या लक्षांत आलें कीं मुंग्या वारूळ बांधतांना बारीक खडे वेंचून आणतात, आणि त्या खड्यांत हे दांतही असतात. त्यांनीं वारुळें चाळलीं व शेंकडों दांत मिळविले. जेथें वारुळें नाहींत, तेथें त्यांनीं दुसरीकडच्या मुंग्या नेऊन सोडल्या. असा हा माणूस. परंतु जें खणून काढलें त्यावर लिहिण्याची इच्छा त्यालाही होतीच, आणि ती येथें पुरी होणार नव्हती.

१८९२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें भूगर्भ-पाहणीच्या खर्चाला कात्री लावली. सरकारी पैशानें असल्या पुस्तकांचा उद्योग कशाला, असें म्हणून एका सभासदानें दांतांच्या पक्ष्यांची थट्टा केली. ज्या ग्रंथाची डार्विन यांनीं वाखाणणी केली होती, तोच ग्रंथ आतां उधळपट्टीचा पुरावा ठरला. मार्श यांस तारेनें राजीनामा मागण्यांत आला. सहाय्यक पांगले. मामांचा पैसाही संपत आला होता. घर गहाण पडलें. आणि आयुष्यभर पगार न घेणाऱ्या या प्रोफेसरांना म्हातारपणीं विद्यापीठाकडे पगार मागावा लागला. १८९८ सालीं त्यांनीं आपला सर्व संग्रह येलला देऊन टाकला. १८ मार्च १८९९ रोजीं त्यांचा अंत झाला, तेव्हां बँकेंत १८६ डॉलर शिल्लक होते. कोप दोन वर्षें आधींच, १८९७ सालीं, वारले होते.

आतां पांगलेल्यांचें काय झालें तें पाहूं. बाउर हे १८९० सालीं वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठांत गेले. १८९१ सालीं त्यांनीं गॅलापागोस बेटांची सफर केली. हीं बेटें समुद्रांतून सुटीं सुटीं वर आलेलीं नसून एका मोठ्या भूमीचा भाग खचून उरलीं आहेत, असें त्यांचें मत होतें. हें मत टिकलें नाहीं. पण बेटावरील प्राण्यांचा जो संग्रह त्यांनीं केला तो टिकला. १८९२ सालीं ते नव्यानें निघालेल्या शिकागो विद्यापीठांत आले. परंतु अतिश्रमानें त्यांच्या मनाचा तोल गेला, आणि १८९८ सालीं म्युनिक येथें, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

बार्बर यांना आयुष्य मोठें मिळालें. १८९१ सालीं ते नेब्रास्का विद्यापीठांत गेले व पन्नास वर्षें तेथील संग्रहालयाचे संचालक राहिले. त्या मुलखांत जमिनींत मळसूत्रासारख्या वळलेल्या, पुरुषभर उंचीच्या दगडी आकृति सांपडत. लोक त्यांना सैतानाचा स्क्रू म्हणत. बार्बर यांनीं त्यांचें शास्त्रीय वर्णन केलें व ती एखादी प्राचीन वनस्पति असावी असें ठरविलें. वस्तुतः तीं एका लहान बीव्हरसारख्या प्राण्याचीं बिळें होतीं; आणि हा तर्क प्रथम सुचविणाऱ्यांपैकीं एक होते कोप! मत चुकलें, पण नेब्रास्काच्या प्राचीन हत्तींचा जो संग्रह बार्बर यांनीं उभा केला तो देशांत नांवाजला गेला. ते १९४७ सालीं वारले.

१८७० च्या पहिल्या मोहिमेंतील विद्यार्थी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनीं तर निराळीच वाट धरली. ते पुढें कांहीं वर्षें संग्रहालयांत मार्श यांचे सहाय्यक होते, व १८८० सालीं एका पक्ष्याच्या अस्थिरचनेवर त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. परंतु हाडांच्या शोधांत हिंडतांना त्यांच्या डोळ्यांसमोर जिवंत रानगव्यांचे कळप नाहींसे होत होते. नष्ट झालेल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्याला, प्राणी नष्ट होतात कसे, हें प्रत्यक्षच पाहावयास मिळालें. त्यांनीं शिकार व निसर्ग या विषयांवरील एक साप्ताहिक तीस वर्षें चालविलें, १८८६ सालीं पक्षिरक्षणासाठीं ऑड्युबॉन सोसायटी काढली, आणि ग्लेशियर हें राष्ट्रीय उद्यान १९१० सालीं स्थापन होण्यास त्यांचेच प्रयत्न मुख्यतः कारण झाले. पॉनी व शायेन या मूळ रहिवाशांच्या कथा व चालीरीतींवरील त्यांचे ग्रंथ आजही आधारभूत मानतात. १९३८ सालीं, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

चार्ल्स एमर्सन बीचर हे मात्र येलमध्येंच राहिले. ते १८८८ सालीं आले ते कणाहीन प्राण्यांच्या अवशेषांसाठीं. त्यामुळें त्यांच्या व मार्श यांच्या हद्दी एकमेकांस लागल्या नाहींत, व स्वतःच्या नांवानें लिहिण्यास त्यांना मोकळीक राहिली. न्यूयॉर्क संस्थानांतील रोम गांवाजवळ ट्रायलोबाइट नांवाच्या जीवांचे अवशेष मिळाले होते. त्यांत पाय व मिशांसारखे नाजूक अवयवही टिकलेले होते. बीचर यांनीं अत्यंत हलक्या हातानें ते मोकळे करून त्या जीवाची पुरी रचना जगापुढें मांडली. मार्श यांच्यामागें संग्रहालय त्यांच्याकडे आलें. मार्श यांना सांगाडे उभे करून ठेवणें पसंत नसे. बीचर यांनीं १९०१ सालीं एक डायनोसॉर पूर्ण सांगाड्यासह उभा केला. १९०४ च्या फेब्रुवारींत त्यांना अकस्मात् मृत्यु आला.

विलिस्टन यांच्या हातून झालेलें सर्वांत मोठें कार्य म्हणजे त्यांचे विद्यार्थी. कॅन्ससमध्यें व १९०२ पासून शिकागोमध्यें त्यांनीं शिकविलें. समुद्रांत राहणाऱ्या प्राचीन सरीसृपांवर त्यांनीं स्वतः पुष्कळ लिहिलें. पण विद्यार्थ्यांनाही लिहूं दिलें. कॅन्ससमधील त्यांच्या वर्गांत बार्नम ब्राउन होते, ज्यांनीं पुढें टायरॅनोसॉरस शोधून काढला. एल्मर रिग्ज होते. एर्मीन केस होते. रिग्ज यांनीं १९०३ सालीं असें दाखविलें कीं मार्श यांचे ब्रॉन्टोसॉरस व अॅपॅटोसॉरस हे एकाच कुलांतले प्राणी असून घाईमुळें एकाला दोन नांवें पडलीं आहेत. मार्श यांच्या सहाय्यकाच्या शिष्यानें मार्श यांचाच शब्द तपासून पाहिला. हा निकाल शंभरांहून अधिक वर्षें मान्य राहिला. २०१५ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं हीं नांवें पुन्हा वेगळीं करावीं असें मत मांडलें. शास्त्रांत हें असेंच चालावयाचें. विलिस्टन १९१८ सालीं वारले.

शेवटीं पुन्हा हॅचर. १८९३ सालीं ते प्रिन्स्टन विद्यापीठांत गेले, आणि १८९६ ते १८९९ या काळांत त्यांनीं दक्षिण अमेरिकेच्या टोंकाला पॅटागोनियांत तीन मोहिमा केल्या. तेथें एकदां घोड्याच्या हिसक्यानें त्यांच्या डोक्याची कातडी सोलवटून निघाली. निर्जन प्रदेशांत वैद्य कोठला? संधिवातानें ते कित्येक आठवडे अंथरुणास खिळले. पण संग्रह घेऊनच परत आले. १९०० सालीं पिट्सबर्गच्या कार्नेजी संग्रहालयानें त्यांस बोलावलें. डिप्लोडोकस या प्राण्याच्या एका नव्या जातीचें वर्णन त्यांनीं १९०१ सालीं आपल्या नांवानें छापलें. कार्नेजी यांनीं त्या सांगाड्याचे सांचे काढवून लंडन, बर्लिन, पॅरिस वगैरे राजधान्यांना भेट दिले, आणि लाखों लोकांनीं डायनोसॉर पाहिला तो त्या रूपानें.

याच सुमारास शिंगांच्या डायनोसॉरांवरील जो ग्रंथ मार्श यांच्या हातून अपुरा राहिला होता, तो पुरा करण्याचें काम हॅचर यांच्याकडे आलें. स्वतः खणलेल्या कवट्यांचें वर्णन लिहिण्याची संधि त्यांना अखेर मिळाली. परंतु ३ जुलै १९०४ रोजीं विषमज्वरानें त्यांना गांठलें. वय बेचाळीस. उरलेलें काम रिचर्ड स्वान लल यांनीं तडीस नेलें, आणि ग्रंथ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर तीन नांवें आहेत. पहिलें नांव हॅचर यांचें. त्याखालीं मार्श यांच्या प्राथमिक अभ्यासावर हा ग्रंथ आधारलेला आहे असा उल्लेख, आणि मग संपादून पुरा करणारे म्हणून लल यांचें नांव. ज्यानें खडकांतून हाड काढलें, ज्यानें त्याला नांव दिलें आणि ज्यानें शेवटचा हात फिरविला, त्या तिघांचाही वांटा एका पानावर नेमका लिहिला गेला. हें करण्यास कांहीं खर्च लागला नाहीं, आणि कोणाचा मानही कमी झाला नाहीं. वीस वर्षें आधीं न्यू हेवनच्या त्या खोल्यांत एवढेंच घडतें, तर पुष्कळ कटुता टळली असती.

हॅचर यांच्या पिट्सबर्ग येथील कबरीवर मात्र नांवाचा दगड नव्हता. तो १९९५ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर एक्याण्णव वर्षांनीं, प्राचीन पृष्ठवंशी प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संस्थेनें बसविला. हार्गर यांच्यासारख्यांचें नांव तर शास्त्राच्या मोठ्या इतिहासग्रंथांतही एखाद्या ओळींत येऊन जातें. प्रयोगशाळा असो, शाळा असो, छापखाना असो कीं कारखाना असो, जेथें अनेकांचे हात एका कामाला लागतात तेथें प्रमुखाकडे कीर्ति आपोआप येते. इतरांचें नांव मात्र कोणीतरी मुद्दाम लिहावें लागतें. तें त्यांच्या हयातींत लिहिलें गेलें, तर त्याला न्याय म्हणतां येईल.